नदीचे मूळ, नावेचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. नावेचे काय करावे, हे मात्र म्हणीत सांगितलेले नाही. गेले सहा-सात महिने मी एका नावेचे कूळ शोधत होतो आणि त्या उद्योगापायी माझ्या सख्ख्या काकांनी माझ्याशी बोलणे टाकले आहे. म्हणीत यापुढे नावेचाही समावेश करावा, असे आमच्या घरातल्या बहुतेकांचे मत झाले आहे. माझे मत वेगळे आहे. ते मांडण्यासाठी संपादकांनी या अंकात जागा दिली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरी बाहेरच्या खोलीत एक तसबीर आहे. वर्तमानपत्रातले पिवळे पडलेले कात्रण काचेत बसवलेले. त्यात दोन डोलकाठ्यांची एक लहानशी शिडाची नौका दिसते; पुढचे टोक निमुळते, मागचेही निमुळते. खाली काकांच्या वळणदार अक्षरात एक ओळ आहे : ‘सुहैली. आमच्या बाबांनी बांधलेली.’ बाबा म्हणजे माझे आजोबा. ते खानापूर तालुक्यातले सुतार. तरुणपणी पोटासाठी मुंबईला गेले, माझगावात राहिले, बंदरात काम केले आणि मग गावी परतले. ते वारले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्यांची म्हणून जी आठवण मला आहे ती लाकडाच्या भुशाच्या वासाची आहे. बाकी सगळे ऐकीव.

‘सुहैली’ ही साधीसुधी होडी नव्हे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश दर्यावर्दीने १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फालमथ बंदरातून ती हाकारली आणि कुठेही न थांबता, एकट्याने, सगळ्या पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ रोजी तो त्याच बंदरात परत आला. असे ३१२ दिवस. त्यापूर्वी एकट्या माणसाने न थांबता हे कधी केले नव्हते. शर्यतीत नऊजण उतरले होते, पूर्ण करणारा तो एकटाच. आणि ज्या नौकेने हे केले ती जेमतेम ३२ फुटांची, सागवानी, मुंबईत बांधलेली. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात सोडली गेली. तिचे नावही आपल्या बाजूच्याच समुद्रातले. इराणच्या आखातात आग्नेयेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला अरब खलाशी सुहैली म्हणतात.

आमच्या इतिहासाच्या सरांनी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प दिला होता : घरातली एक जुनी वस्तू घ्या आणि ती कुठून आली ते पुराव्याने सिद्ध करा. कोणी पानदान घेतले, कोणी आजीचे जाते. मी तसबीर घेतली. खरे सांगायचे तर आयते गुण मिळतील म्हणून घेतली.

जुन्या लाकडी नौकेचे मूळ ओळखणे ही एक विद्या आहे आणि तिच्यात पोलिसी तपासाची थोडी गंमत आहे. हौसेसाठी बांधलेल्या शिडाच्या नौकेला इंग्रजीत यॉट म्हणतात. अशी यॉट शंभर वर्षांत दहा हात बदलते. प्रत्येक नवा मालक तिचे नाव बदलतो, कोणी डोलकाठी कापतो, कोणी इंजिन बसवतो, कोणी वरती खोपटे बांधून तिच्यात बिऱ्हाड करतो. शेवटी ती एखाद्या खाडीच्या चिखलात रुतून बसते. तेव्हा तिला पाहणारा म्हणतो, असेल कसली तरी जुनी होडी. तिच्या जन्माचा दाखला हरवलेला असतो.

पण पूर्णपणे हरवत नाही. १८५४ च्या ब्रिटिश जहाजकायद्याने नोंदणी झालेल्या प्रत्येक नौकेला एक अधिकृत क्रमांक देण्यास सुरुवात केली आणि तो तिच्या मुख्य तुळईत कोरण्याची सक्ती केली. नाव कितीदा बदलो, बंदर बदलो, मालक बदलो, क्रमांक तोच. (आमच्या शहराचे सरकारी नाव २०१४ मध्ये बदलले, पण माझा परीक्षा क्रमांक कोणी बदलला नाही, तसेच.) रंगाचे दहा थर खरवडल्यावर तुळईवर ते अंक दिसू लागले, की अर्धे काम झाले. पुढे जुनी नोंदणीपुस्तके असतात. लॉइड्सने १८७८ पासून १९८० पर्यंत यॉटींची सूची प्रसिद्ध केली. तीत नौकेचे नाव, पूर्वीची नावे, लांबी-रुंदी, बांधणारा, आराखडा काढणारा आणि साल दिलेले असे. एक एक वर्ष मागे जात पाने उलटायची. तलाठ्याच्या कचेरीत फेरफार बघतात ना, अगदी तसे.

क्रमांक नसेल तर लाकडाला विचारायचे. ओक कुठे वापरला, लार्च कुठे, महोगनी कुठे, सागवान कुठे. फळ्या सांगाड्याला खिळ्यांनी जोडल्या की स्क्रूने. खिळे तांब्याचे की लोखंडाचे. डोक्यावर फुलीची खाच असलेला स्क्रू १९३० नंतरच्या दशकात आला. तो मूळच्या कामात सापडला तर ती नौका व्हिक्टोरिया राणीच्या काळातली नाही, एवढे नक्की. पण तो मूळच्या कामात आहे की मागाहूनच्या दुरुस्तीत, हे आधी ठरवावे लागते. म्हणून जाणकार माणूस सहज बदलता येणाऱ्या भागाकडे फार लक्ष देत नाही. तो खाली वाकतो आणि तळकण्याकडे बघतो. कोकणात त्याला पठाण म्हणतात. डेक बदलतात, डोलकाठी बदलतात, फळ्यासुद्धा बदलतात. पठाण सहसा कोणी बदलत नाही. काही बांधणारे आपली खूणही सोडून जातात. स्कॉटलंडमधल्या फेअर्ली गावच्या फाइफ घराण्याच्या अनेक यॉटींच्या नाळेजवळ कोरलेला सोनेरी ड्रॅगन असतो. पण ड्रॅगन कोरायला काय, कोणीही कोरील. म्हणून खुणेपेक्षा मापे बरी.

मापांवरून मला अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराची गोष्ट सांगितली पाहिजे. ती यॉटची नाही, युद्धनौकेची आहे, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो याच गोष्टीने.

१७९७ मध्ये बाल्टिमोरला ‘कॉन्स्टेलेशन’ नावाची फ्रिगेट बांधली गेली. अमेरिकेच्या आरमारातली ती अगदी पहिल्यांतली एक. पुढे १९५५ मध्ये त्याच नावाचे एक जीर्ण जहाज बाल्टिमोरला आणण्यात आले आणि आपली लेक माहेरी आली म्हणून शहराला आनंद झाला. वर्गण्या निघाल्या. जहाज दुरुस्त करण्यात आले. ते १७९७ च्या फ्रिगेटसारखे दिसावे म्हणून त्याच्या मागच्या भागाची ठेवण बदलण्यात आली. शाळांच्या सहली येऊ लागल्या.

अडचण एकच होती. हे जहाज त्या फ्रिगेटपेक्षा सुमारे बारा फुटांनी लांब होते. जहाजबांधणीचे इतिहासकार हॉवर्ड चॅपेल पूर्वीपासून सांगत होते की जुनी फ्रिगेट १८५३ मध्ये मोडीत काढली गेली आणि तिचेच नाव घेऊन १८५४ मध्ये एक अगदी नवे, वेगळ्या आराखड्याचे, स्लूप जातीचे जहाज बांधले गेले. तुमच्या धक्क्यावर उभे आहे ते हे दुसरे. यावर जहाजाच्या कैवाऱ्यांनी उत्तर दिले, की नाही, जुनेच जहाज मध्ये वाढवून लांब केले. कागदपत्रे पुढे आली. वाद वर्षानुवर्षे चालला. १९७० मध्ये दोन्ही बाजू एकाच पुस्तकात छापल्या गेल्या, तरी तो मिटला नाही. अखेर १९९१ मध्ये डॅना वेगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरमाराच्या संशोधनकेंद्रातून निर्णायक अहवाल प्रसिद्ध केला. जहाज १८५४ चेच होते. आणि जुनेपणाचा पुरावा म्हणून दाखवलेल्या कागदांपैकी काही चक्क बनावट होते.

ते बनावट कागद कोणी पैशासाठी केले असतील असे मला वाटत नाही. प्रेमाने केले असतील. माणूस आपल्या गावावर प्रेम करतो, मग गावाच्या जहाजावर करतो, मग जहाजाच्या वयावर करतो आणि शेवटी त्या वयासाठी टंकलेखन यंत्रासमोर बसतो. यातली कुठली पायरी पहिली चुकीची, हे सांगणे सोपे नाही. आपल्याकडेही एखादे देऊळ पांडवकालीन असल्याशिवाय कोणाला समाधान होत नाही.

यातला खरा विनोद पुढेच आहे. १८५४ चे ‘कॉन्स्टेलेशन’ हे काही कमी प्रतीचे जहाज नव्हते. केवळ शिडांवर चालणारे असे अमेरिकन आरमाराने बांधलेले ते शेवटचे मोठे युद्धजहाज. १८५९ ते १८६१ या काळात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांचा चोरटा व्यापार रोखणाऱ्या ताफ्याचे ते प्रमुख जहाज होते. सप्टेंबर १८६० मध्ये त्याने ‘कोरा’ नावाचे गुलामवाहू जहाज पकडले आणि त्यातून ७०५ माणसे सोडवली. सातशे पाच! ही हकीकत त्या जहाजाची स्वतःची होती आणि उसन्या सत्तावन्न वर्षांच्या वयापायी ती झाकून गेली होती. १९९६ ते १९९९ या काळात पुन्हा दुरुस्ती झाली ती या वेळी खऱ्या रूपाबरहुकूम.

मुंबईच्या एका जहाजाच्या वाट्यालाही असेच उसने नाव आले होते. ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरली. बांधणारे मुख्य कारागीर जमशेटजी बोमनजी वाडिया. लाकूड मलबारचे सागवान. पठाणात पारशी रिवाजाप्रमाणे रुप्याचा खिळा ठोकलेला. १८९७ मध्ये नेल्सनचे जुने जहाज ‘फूद्रुआयाँ’ वादळात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर आपटून फुटले. त्याच्या मालकाने त्याच्या जागी ट्रिंकोमाली विकत घेतली आणि तिला मेलेल्या जहाजाचे नाव दिले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे मुंबईची ही लेक दुसऱ्याच जहाजाच्या नावाने नांदली. इंग्रज मुले तिच्यावर शिडे चढवायला शिकली. १९९२ मध्ये तिला तिचे नाव परत मिळाले. आज ती हार्टलपूलला आहे आणि पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून दाखवली जाते.

पण तिचे मूळ मुंबईचे म्हणून आपण छाती फुगवावी, तर आराखडा तपासा. तो लीडा वर्गाच्या फ्रिगेटचा. लीडा वर्ग निघाला ‘हेबे’ या फ्रेंच फ्रिगेटवरून. ती इंग्रजांनी १७८२ मध्ये पकडली होती. मुंबईला पाठवलेल्या आराखड्याची पहिली प्रत तर वाटेतच गेली, कारण ती नेणारे ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकनांनी जिंकले. दुसरी प्रत पाठवावी लागली. म्हणजे कल्पना फ्रेंच, कागद इंग्रज, लाकूड मलबारी, कारागीर पारशी, आणि वाकस चालवणारे हात? त्यांची नावे कुठे नाहीत.

सुहैलीचेही तसेच निघाले. तिच्या त्या दोन्हीकडे निमुळत्या अंगाचे मूळ नॉर्वेत आहे. कॉलिन आर्चर यांनी तिथल्या कोळ्यांच्या मदतीसाठी उत्तर समुद्रात तग धरणाऱ्या बचावनौका बांधल्या. त्यातली पहिली १८९३ ची. (हे आर्चर नॉर्वेत जन्मले, पण आईबाप स्कॉटलंडचे. मुळाच्या शोधात असे उपमूळ निघतच जाते.) १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या विल्यम ॲटकिन यांनी त्या बचावनौकेवरून ३२ फुटांची एक लहान आवृत्ती आखली आणि तिला ‘एरिक’ हे नाव दिले. त्या धर्तीचे नकाशे इंग्लंडहून टपालाने मुंबईला आले. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर अधिकारी होता. आणि मुंबईच्या सुतारांनी वाकसाने तासून आणि दोरीच्या सामत्याने भोके पाडून ते कागद सागवानात उतरवले. ही हत्यारे त्याने स्वतःच्या पुस्तकात कौतुकाने नोंदवली आहेत. त्या काळी युरोपातल्या यॉट बांधणाऱ्यांनी ती संग्रहालयात पाहिली असती.

आता हिचे गाव कोणते लिहायचे? लार्विक, न्यूयॉर्क, पूल की मुंबई? मी म्हणतो मुंबई, आणि हे मी अभिमानाने म्हणत नाही, कारणाने म्हणतो. त्याच नकाशांवरून इतरत्रही नौका बांधल्या गेल्या. दक्षिण महासागराच्या लाटांत ३१२ दिवस टिकली ती नकाशाची घडी नव्हे. टिकले ते सांधे. रेषा कुठून आली हा वंशाचा प्रश्न. सांधा कोणी बसवला हा जन्माचा प्रश्न आहे. सागवानाचा गुण यात धरलाच पाहिजे. त्याच्या अंगात तेल असते, किडीला ते दाद देत नाही आणि ओकसारखे लोखंडाला खातही नाही. १९९७ मध्ये सुहैली ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली तेव्हा तिथल्या कोरड्या हवेने तिच्या फळ्या आक्रसू लागल्या. शेवटी मालकाने २००२ मध्ये तिला बाहेर काढून पुन्हा पाण्याकडे नेले. अरबी समुद्राच्या काठी ओल्या हवेत जन्मलेली ती.

इथपर्यंत माझा प्रकल्प झकास चालला होता. आता एकच दुवा बसवायचा होता : आजोबा.

आजोबांची ट्रंक माळ्यावर होती. तिच्यात मुंबईहून त्यांनी आजीला पाठवलेली पत्रे निघाली, पहिले १९५१ चे. पत्ता माझगावचा. मनीऑर्डरच्या पावत्या निघाल्या. मी तारखेप्रमाणे त्या मांडत गेलो आणि ऑक्टोबर १९६२ नंतर एकही पावती मिळेना. त्याऐवजी एक लाल वही निघाली, कानडीत लिहिलेली. मला कानडी बोलता येते, पण जुने मोडके हस्ताक्षर वाचवत नाही. याच अंकाच्या कन्नड विभागात ज्याची कविता आहे त्या माझ्या मित्राने ती वाचून दिली. लोंढ्याजवळच्या एका लाकडाच्या वखारीतले ते हजेरीचे आणि उचलीचे पुस्तक होते. आजोबांचे नाव नोव्हेंबर १९६२ पासून दर आठवड्याला. १९६३ मध्ये. १९६४ मध्ये. पार १९६५ च्या दिवाळीपर्यंत. मित्र वाचत होता आणि मी लिहून घेत होतो. मधेच त्याने विचारले, “पुढं वाचू की नको?” त्याला कळले होते.

सुहैली मुंबईत उभी राहत होती तेव्हा आजोबा लोंढ्याला ओंडके कापत होते.

एखाद्या महिन्याची रजा घेऊन ते गेले असतील, असा पळवाटेचा विचार मी केला नाही असे नाही. पण हजेरीत तसा महिना नाही. बाल्टिमोरचे लोक बारा फुटांसाठी जहाज लांबवायला निघाले होते. मी एक महिना लांबवायला निघालो होतो.

मग आजीला विचारले. तिला ऐकू कमी येते, पण शब्द पक्के लक्षात आहेत. ती म्हणाली, “ते मी बांधलो म्हणून कवाच म्हणाले नाहीत रे. पेपरात फोटो आला तवा म्हणाले, बघ, ही आम्ही बांधलो.”

आम्ही. मराठीतल्या पहिल्या पुरुषाच्या अनेकवचनाने साठ वर्षे घोटाळा करून ठेवला होता. आजोबांच्या तोंडचे ‘आम्ही’ म्हणजे बंदरातले सुतार. त्यांनी अकरा वर्षे ज्यांच्या शेजारी वाकस चालवला ते लोक, कदाचित त्यांचे ओळखीचे मिस्त्री. काकांनी ते आदरार्थी एकवचन म्हणून ऐकले आणि तसबिरीखाली लिहून टाकले. यात खोटे कोणीच बोललेले नाही.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर प्रकल्पाला बरे गुण पडले असते आणि घरात शांतता राहिली असती. पण त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका संस्थेची स्मरणिका निघायची होती. ‘सीमाभागाची रत्ने’ असे काहीसे त्यातले सदर. काकांनी आजोबांचा फोटो आणि ‘जगप्रसिद्ध सुहैली नौकेचे शिल्पकार’ असा मजकूर दिलेला होता. लेख जुळवून तयार होता. मी काकांना वही दाखवली. ते म्हणाले, “कोण तपासायला येणार आहे? आणि त्या सुतारांची नावं कुठं लिहिलीत? मग आमच्या बाबांचं नाव घातलं तर कुणाच्या ताटातलं काढून घेतलं?”

हा प्रश्न मला अजून टोचतो, कारण त्यातला पहिला भाग अगदी खरा आहे. आराखडा काढणाऱ्याचे नाव आहे, मालकाचे आहे, वाऱ्याचेसुद्धा आहे. ज्यांनी तासले त्यांचे नाही. नोंद करणाऱ्यांनी जागा मोकळी सोडली की तिथे कोणाचे तरी आजोबा जाऊन बसणारच. पण दुसऱ्या भागाला माझे उत्तर आहे. ताट कोणाचे ते ठाऊक नाही म्हणून ते आपले होत नाही. मुंबईत, कोकणात किंवा आणखी कुठे, अशा एखाद्या सुताराची नात आज असेल, तिच्याकडेही एखादी ट्रंक असेल आणि तिच्या ट्रंकेतली हजेरी १९६४ सालची, मुंबईची असेल. त्या हजेरीवर आमच्या स्मरणिकेने आधीच माती टाकली असती.

मी संस्थेला पत्र लिहिले आणि वहीतल्या पानांच्या प्रती जोडल्या. मजकूर निघाला. त्या जागी एका पतसंस्थेची जाहिरात आली. काका बोलेनासे झाले.

आमच्या या भागात कोण मूळचा आणि कोण मागाहूनचा, हा प्रश्न आम्ही पाळण्यातच ऐकतो. शिलालेख सापडला की त्याची लिपी आधी बघतात, मजकूर मागाहून. मूळ शोधायला निघालेल्या माणसाला उत्तर आधीच दिलेले असते आणि त्याने फक्त पुरावा आणून द्यायचा असतो. मला वाटते, अशा शोधाला शोध म्हणू नये. माझ्या मराठी घरातली मराठी दंतकथा एका कानडी वहीने मोडली आणि ती वही माझ्या आजोबांनीच जपून ठेवली होती. त्यांना ती फेकता आली असती. पण दर आठवड्याला मिळवलेल्या मजुरीचा तो कागद होता. त्यांना त्याची लाज वाटत नव्हती, मग आपण का वाटून घ्यावी?

आणखी एक सांगायचे राहिले. ट्रंकेच्या तळाशी त्यांची हत्यारे होती. वाकस, रंधा, पटाश्या, गुण्या. त्यांत पटाशीसारखी दिसणारी तीन लोखंडी हत्यारे अशी होती की ज्यांना धारच नव्हती. तोंड रुंद आणि बोथट, एकाच्या तोंडाला मध्ये उभी चीर. मला वाटले, झिजलेली असतील. मे महिन्यात आत्याकडे वेंगुर्ल्याला गेलो तेव्हा ती बरोबर नेली आणि बंदरावर होडीची डागडुजी करणाऱ्या एका म्हाताऱ्या सुताराला दाखवली. त्यांनी एक उचलले, अंगठा तोंडावरून फिरवला आणि म्हणाले, “ह्या होडयेचा हत्यार. घरसुताराक ह्येचो काय उपेग?” मग शेजारच्या होडीच्या दोन फळ्यांमध्ये कापसाची वात धरून त्यांनी ते हत्यार त्यावर टेकवले आणि लाकडी हातोडीने असे काही ठोकत नेले की वात सांध्यात दिसेनाशी झाली. फळ्यांच्या फटी बुजवण्याचे हत्यार होते ते. दांड्याचा माथा ठोके खाऊन खाऊन छत्रीसारखा पसरला होता. अकरा वर्षांचे ठोके.

म्हणजे आजोबा होडीचे सुतार होते, याचा पुरावा तसबिरीत नव्हता, ट्रंकेच्या तळाशी होता. त्यांनी कोणत्या होड्या बांधल्या? मालाचे पडाव, बंदरातल्या लाँची, ज्यांचे फोटो वर्तमानपत्रात येत नाहीत. त्यांच्या फळ्यांतून पाणी आत आले नसेल, एवढे त्या माथ्याकडे बघून मी छातीठोक सांगतो.

तसबीर काढून टाकावी असे मी म्हटले तेव्हा आजी रागावली. “फोटो त्यांनीच आणलेला. असू दे की.” तिचे बरोबर होते. चूक फोटोची नव्हती, खालच्या ओळीची होती. मी काच उघडून काकांची चिठ्ठी अलगद काढली, मागे चिकटवून ठेवली (तीही आता एक कागदच आहे) आणि नवी लिहिली : ‘सुहैली. मुंबईच्या सुतारांनी बांधलेली, १९६४. खालील हत्यारे आजोबांची, मुंबई बंदर, १९५१ ते १९६२.’ ती तीन हत्यारे तसबिरीखाली खिळ्यांना टांगली आहेत. आजी त्यांना अधूनमधून खोबरेल लावते.

काकांनी अजून ते पाहिलेले नाही. गणपतीला येतील तेव्हा पाहतील.